मांडववाल्याच्या घरचं कार्य

आमच्या घरमालकांचं म्हणणं असं, की कोणतंही कार्य चपलांपासून सुरू होतं.

"पाहुणा मांडवात आला की आधी काय शोधतो?" ते समोरच्याला विचारायचे. कुणी म्हणायचं, यजमान. कुणी म्हणायचं, ओळखीचं माणूस. कुणी हसून म्हणायचं, जेवणाची जागा. मालक नकारार्थी मान हलवत राहायचे.

"चपला काढायला जागा शोधतो. त्या हरवणार नाहीत अशी खात्री पटली, की मग तो तुमची कमान बघतो, मग तुमची नवरी. ज्याचा जीव चपलांत अडकलाय त्याला तुमची फुलं काय दिसणार?"

त्यामुळे त्यांच्या मांडवात पहिली जागा ठरायची ती चपलांची. दुसरी पिण्याच्या पाण्याची. तिसरी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईची. "म्हातारीला बसल्या जागेवरून बोहलं दिसलं पाहिजे आणि चूलही दिसली पाहिजे. नाहीतर ती उठणार. ती उठली की तिला धरायला चार बायका उठणार, आणि मांडव विसकटणार." नवरानवरी कुठे बसणार हे ते अगदी शेवटी विचारायचे. म्हणायचे, त्यांना लोक कुठूनही शोधून काढतात.

माझ्या दोन्ही मुलांची लग्नं मी याच क्रमाने उरकली आणि कुणाचीही चप्पल गेली नाही. एवढं त्यांचं मला पटलेलं आहे. सगळंच पटत होतं असं नाही.

स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली होती तेव्हा आम्ही पनवेलला आलो. ह्यांना एका भातगिरणीत हिशेबनिसाची नोकरी लागली होती. हातगाडीवर ट्रंक, स्टोव्ह आणि माझं पायाने चालवायचं शिलाई मशीन घालून आम्ही तळ्याकाठच्या त्या घरासमोर उभे राहिलो. जात विचारतील, मुलंबाळं विचारतील म्हणून उत्तरं मनात तयार ठेवली होती. मालक बाहेर आले. उंच, काटकुळे, डोक्याला काळी टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि दातांत सुतळीचं टोक. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. मशीनकडे बघितलं.

"झालर येते?"

"येते."

"चुणीची का घडीची?"

"दोन्ही."

"मग वरच्या दोन खोल्या तुमच्या. एका खोलीत थोडे बांबू आहेत, ते असू देत."

ते थोडे बांबू आम्ही त्या घरात राहिलो तोवर होते. पलंगाखाली गॅसबत्त्यांच्या काचा होत्या, माळ्यावर कनाती होत्या, आणि स्वैपाकाच्या खोलीत फळीवर एक पुठ्ठ्याचा हंस मान वाकडी करून माझ्या आमटीकडे बघत असे. माझा थोरला मुलगा बांबू धरूनच उभा राहायला शिकला. मी तक्रार केली नाही, कारण भाडं वेळेवर मागायची त्यांना आठवण नसे आणि झालरींचं काम मात्र कधी आटत नसे.

दातांत सुतळी असल्याने त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. दुसरी खोड अशी, की जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाच्याही हातात दोरीचं टोक द्यायचे आणि "धरा जरा" म्हणून दुसऱ्या टोकाला निघून जायचे. तिथे गेल्यावर त्यांना काहीतरी वेगळंच सुचायचं. मग हा माणूस उभाच. भटजी उभे राहिलेत, दूधवाला राहिलाय. आमच्या टपालवाल्याने एकदा बराच वेळ वाट बघितली, मग ती दोरी आपल्या सायकलला बांधली आणि उरलेली टपालं पायी वाटली. मालक परत आले तेव्हा दोरी बरोबर ताणलेली होती, त्यामुळे माणसाच्या जागी सायकल आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

लगीनसराई सुरू व्हायच्या आत ते मुंबईला जायचे. याला ते "फ्याशन बघून येतो" म्हणायचे. कोट घालायचा, एस.टी.ने ठाणं गाठायचं, पुढे आगगाडी, आणि दादर-गिरगावात जिथे सनई ऐकू येईल त्या मांडवात शिरायचं. हातात फक्त एक नारळ. "नारळवाल्या माणसाला कुणी अडवत नाही, बाई. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा."

एकदा मात्र घोळ झाला. एका कार्यालयात त्यांना वरचं कापड झोळ पडलेलं दिसलं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि कापड ताणून बांधायला लागले. यजमानांना वाटलं, हा मांडववाल्याचा माणूस. त्यांनी उशीर केल्याबद्दल फैलावर घेतलं. तेवढ्यात कुणीतरी कानात सांगितलं, की हे गृहस्थ मघाशी पहिल्या पंगतीला नवरदेवाच्या मामांशेजारी बसले होते. झालं! वरपक्षाचा वडीलधारा माणूस आपल्या मांडवावर नाराज होऊन स्वतः स्टुलावर चढला, असा अर्थ निघाला. मुलीचे वडील हात जोडून पुढे आले, "चूक झाली, पदरात घ्या" म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"पदरात घेतली. चपला दक्षिणेकडे हलवायला सांगितल्या. त्यांनी जिलबीचा पुडा बांधून दिला." पुडा खरोखर आणला होता. आम्ही सगळ्यांनी खाल्ली ती जिलबी.

मुंबईहून आले की माझ्या मशीनला विसावा नाही. एक वर्ष गुलाबी आणि पोपटी रंगाचं. एक वर्ष हंसांचं. नवरानवरीच्या मागे दोन हंस होडी ओढताहेत, आणि पनवेलच्या प्रत्येक लग्नात तीच होडी. त्याआधी, स्वातंत्र्य नवंनवं असताना, म्हणे सगळंच तिरंगी होतं. पताका तिरंगी, झालरी तिरंगी, इतकंच काय पानातली कोशिंबीरसुद्धा गाजर, मुळा आणि कोथिंबीर अशा पट्ट्यांत वाढायला लावलेली. लोकांना ती कालवायचा धीर होईना.

आणि एखादी फ्याशन गेली की ती गेली. "बाई, हंस गेले."

"कुठे गेले?"

"मुंबईत आता कुणी हंस लावत नाही. पंख उसवा. झालरी होतील."

नव्यापैकी एकच गोष्ट त्यांनी कधी घेतली नाही, ती म्हणजे लाल कापडावर कापसाची "सुस्वागतम्" अशी अक्षरं. ज्याला वाचता येत नाही त्याने काय परत जायचं, असं विचारायचे. "दारात यजमान उभा नसला तरच अक्षरं लागतात."

त्यांच्या हातून झालेली सगळ्यांत गाजलेली फ्याशन मात्र मुंबईची नव्हती. ती बैलांनी काढली.

आपट्याच्या अलीकडे एका गावात आगऱ्यांच्या घरी लग्न होतं. मालक नेहमीप्रमाणे आधी त्या घरी जाऊन अर्धा दिवस नुसते बसून आले होते. बसल्याशिवाय घर कळत नाही म्हणायचे. मार्गशीर्ष होता, भात नुकतंच कापून आलेलं. परत येऊन म्हणाले, "त्या घरात भाताशिवाय दुसरं काही नाही, आणि भातासारखं दुसरं काही नाही. भातच लावू." त्यांनी दाण्यांनी भरलेल्या लोंब्यांच्या पेंढ्या बांधून कमान उभी केली. झालर जागेवर टाके घालून बसवायची होती म्हणून मीही गेले होते. मी सहसा अशा गोष्टींनी हरखून जात नाही, पण त्या सकाळी उन्हात ती कमान अशी पिवळीधमक दिसत होती की मी सुई हातात धरून उभी राहिले.

वऱ्हाड उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. पहाटे निघालेल्या बैलगाड्या कमानीशी येऊन थांबल्या. मुलीच्या आईने ओवाळल्याशिवाय आत यायचं नाही, आणि ओवाळण्याआधी मानपानावरून थोडी हुज्जत झाल्याशिवाय ओवाळायचं नाही, अशी रीत. हुज्जत रंगली. मालकांनी कमान माणसांच्या हिशेबाने बांधली होती; बैलाचं तोंड कुठे येतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या गाडीचे दोन बैल पहाटेपासून उपाशी. त्यांनी तोंडापुढे आलेलं भात खायला सुरुवात केली. हुज्जत संपेपर्यंत एक खांब उघडा पडला आणि कमान एका बाजूला कलली.

नवऱ्याचा काका गाडीवरून ओरडला, "दारान चारा बांधलाय! आमाला काय बैल समजता तुमी?"

मुलीच्या आईने ओवाळायचं ताट खाली ठेवलं. "आमी फिरतू माघारी," काका म्हणाला, आणि गाडीवानाने खरोखरच कासरा ओढला. मालक कमानीला खांदा देऊन उभे होते.

तेवढ्यात घरातून धवलारीण बाहेर आली. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी ही बाई. तिच्या शब्दाला भटजीच्या शब्दाइतकं वजन. वाकलेली, तोंडात दात नाहीत. तिने खांब बघितला, बैल बघितले आणि काकाला विचारलं, "बैल कोनाचं रं?"

"आमचं."

"मंग आमचं भात खाल्लं कोनी? तुमी. अजून नवरी बघली नाय, आन जेवूनशी मोकले झाले! आता माघारी कुठं जाता? खाल्लेलं भात ठेवा पयला हितं."

बायका हसल्या. मग गडी हसले. काका हसू दाबायला बघत होता, ते त्याला जमलं नाही. म्हातारीने तिथेच कमरेवर हात ठेवून धवला धरला: की लक्ष्मी चार पायांनी आली, तिने दारातच दाणे चाखले, आता या पोरीच्या घरात कधी कमी पडणार नाही. बायकांनी ओळ उचलली आणि वऱ्हाड आत आलं.

मालक मान खाली घालून घरी आले. आता धंदा बुडाला असं त्यांना वाटत होतं. पण पुढच्याच आठवड्यात एक गावकरी दारात हजर. "मालक, आमाला पन ती बैलांनी खायाची कमान पायजे." मग दुसरा. दोन वर्षं त्या पट्ट्यात ज्या लग्नात बैलांनी कमान खाल्ली नाही ते लग्न जरा कमीच समजत. मालकांनी बैलाच्या तोंडाची उंची मोजून घेतली, आणि "ही आपली खास चरती कमान" असं गिऱ्हाइकाला न लाजता सांगायला लागले. धवलारणीचं नाव ते काढत नसत. मी काढलं की विषय बदलायचे.

असा हा माणूस सगळ्या पंचक्रोशीच्या लग्नांत हजर, फक्त स्वतःच्या घरच्या कार्यात नसायचा. म्हणजे असायचा, पण शिडीवर. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, हे अगदी सरळ आवाजात सांगायच्या. मुलाच्या मुंजीत मातृभोजन चाललं होतं तेव्हा हे वर कापड बदलत होते. आणि थोरल्या मुलीच्या लग्नात तर कन्यादानाला भटजींनी हाक मारली तेव्हा हे स्वैपाक्यांच्या छपरावर. "आलोच" म्हणाले. त्यांचं "आलोच" केवढं असतं ते सगळ्यांना माहीत. शेवटी धाकटे दीर आणि जाऊ पाटावर बसले आणि त्यांनी कन्यादान केलं. मालक खाली उतरले तेव्हा वधूवर होमाला बसली होती. "झालं ना दान? मग!" एवढंच म्हणाले. थोरली काही बोलली नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी प्रश्न मिटला.

धाकटी मंदा बोलणारी होती. तिचं लग्न पेणच्या एका शिक्षकाशी ठरलं, त्याच दुपारी मालक निळी साटीन घेऊन वर आले. सगळं छत म्हणजे मोराचा पिसारा करायचा, चारशे डोळ्यांचा. मी चार डोळे शिवले असतील, तेवढ्यात मंदा वर आली आणि तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"वहिनी, हे शिवू नका."

"का ग? मोर आवडत नाही?"

"मोर आवडतो. पण हा मोर लागला की बाबा त्याच्याशेजारी असणार. माझं कन्यादान बाबांनी करायचंय. काकांनी नाही. ज्या मांडवाला बाबांचा हात लागेल त्यात मी उभी राहणार नाही. तुम्ही सांगा त्यांना."

"मी का? तुझ्या तोंडात जीभ आहे."

"माझं ते ऐकत नाहीत. तुमच्याकडे झालरी आहेत."

यात तथ्य होतं. मी खाली जाऊन सांगितलं. मालकांनी सुतळी तोंडातून काढली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मांडववाल्याच्या दारात दुसऱ्याचा मांडव? लोक तोंडात शेण घालतील, बाई."

"न्हावी आपले केस दुसऱ्याकडूनच कापून घेतो ना?"

"तो डोक्याच्या मागचं बघू शकत नाही म्हणून. मला सगळं दिसतं."

"मुलीशिवाय," काकू चुलीपासून म्हणाल्या.

त्यानंतर बापलेकीत अबोला. आठ दिवस ती ताट वाढून ठेवायची आणि ते न बोलता जेवायचे. मग थोरली मुलगी लग्नाच्या तयारीला माहेरी आली. मी आणि ती गहू निवडत बसलो होतो तेव्हा मालक जवळ येऊन उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "तुला तेव्हा वाईट वाटलं होतं?"

तिला काय ते कळलं. तिने सुपातून वर बघितलं नाही. "काका चांगले आहेत, बाबा. मायेने केलं त्यांनी. पण माझं सगळं लक्ष शिडीकडे होतं. नवऱ्याच्या हातात माझा हात कधी दिला, ते मला आठवतच नाही."

मालकांनी वाकून सुपातला एक खडा वेचून टाकला. मग मला म्हणाले, "बाई, उस्मानला निरोप द्या."

उस्मानभाई म्हणजे पनवेलमधले दुसरे मांडववाले. मोहल्ल्यात राहायचे, निकाह आणि उरुसाची सजावट त्यांची, शिवाय रंगीत दिव्यांच्या माळा फक्त त्यांच्याकडेच होत्या. दोघांत कैक वर्षांचं वैर होतं. एक म्हणे बांबूवरून, दुसरा म्हणे रंगावरून. दोघांच्याही झालरी मीच शिवायची, त्यामुळे निरोप माझ्यामार्फत जायचे. "त्या दिवेवाल्याला सांगा" आणि "तुमच्या शेठना सांगा" असे.

उस्मानभाई आले, अंगणात खाटेवर बसले. मालक समोरच्या खाटेवर. दोघंही माझ्याकडे तोंड करून बोलायला लागले.

"बाई, यांना सांगा, मुलीचं लग्न आहे. मांडव घालायचाय."

"बाई, शेठना म्हणावं, बेटीचं काम आहे, मी ना म्हणणार नाही. पण एक शर्त. मांडव पुरा होईपर्यंत शेठनी अंगणात पाय ठेवायचा नाही, आणि कार्याच्या दिवशी शिडीला हात लावायचा नाही."

"बाई, यांना सांगा, माझं अंगण आहे."

"बाई, शेठना सांगा, मग घाला म्हणावं तुमचा तुम्हीच."

मी म्हटलं, "मला चहा ठेवायचाय. तुमचं तुम्ही बघा." मी उठून आत गेले. परत आले तेव्हा दोघं एकाच अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

मुहूर्तमेढ रोवायच्या दिवशी मालकांनी पहिल्यांदा आपल्या दारातल्या मेढीची पूजा केली. खड्डा दुसऱ्याने खणला. मग दोन दिवस माजघरात बसले. त्यांचे कान अंगणात. ठोकण्याचा आवाज आला की म्हणायचे, "चुकला खिळा." कापड फडफडलं की, "उत्तरेचं ताण नाही." माझ्याकरवी सारखे निरोप. मी त्यांतला एकही पोचवला नाही. मी बाहेर जायचे, उस्मानभाईंना पाणी हवं का विचारायचे, आणि आत येऊन सांगायचे, "हो म्हणाले."

चपलांची जागा मात्र उस्मानभाईंनी आपणहून विचारली. म्हणाले, "शेठ नाहीतर जीव देतील."

लग्नाचा दिवस. मांडव बरा होता. निळ्या-पांढऱ्या झालरी, दारात केळीचे खांब, आणि बोहल्यावर उस्मानभाईंचा सगळा हौसेचा मामला: काचेच्या तुकड्यांचं एक भलं मोठं झुंबर. मालक सोवळं नेसून, उघड्या अंगाने बाहेर आले. इतकी वर्षं त्या घरात राहून मी त्यांना टोपी आणि सुतळी दोन्हींशिवाय प्रथम बघत होते. काकूंनी त्यांना कोपराला धरून आणलं. ते पाटावर बसले. थोरली माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा दंड घट्ट धरला होता.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. कन्यादानाला सुरुवात झाली. खाली जावयाची ओंजळ, तिच्यावर मंदाची, तिच्यावर मालकांची. काकू झारीने पाण्याची धार धरणार. ती मालकांच्या बोटांतून मुलीच्या हातात, तिच्या हातांतून जावयाच्या हातात आणि तिथून काशाच्या ताम्हनात. भटजींनी बजावलं, "धार संपेपर्यंत ओंजळ सोडायची नाही."

धार सुरू झाली आणि तळ्याकडून वारा आला. झुंबर किणकिणलं. मी वर बघितलं, आणि मला कळलं की मालकांनी माझ्याआधी बघितलंय. दोन दोऱ्यांपैकी पूर्वेकडची गाठ सरकत होती. झुंबर वीतभर खाली आलं, थांबलं, पुन्हा सरकलं. त्याच्या बरोबर खाली नव्हतं कुणी. ते पडलं असतं तर होमाच्या विटांवर. शिडी कनातीला टेकलेली होती, मालकांपासून चार हातांवर. त्यांचे खांदे वर उचलले गेले. पाटावरून त्यांचं अंग सुटल्यासारखं झालं.

मंदाने बोटं घट्ट जुळवली. मान खाली, नजर ओंजळीवर. पण तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. थोरली पुटपुटली, "चालले."

मालकांनी मोठ्याने हाक मारली. भटजींचा मंत्र तुटला.

"उस्मान! पूर्वेची दोरी!"

"धरली, धरली!" मागून उस्मानभाई ओरडले. ते शिडीवर चढलेही होते. कधी चढले कुणी बघितलं नाही. दोरी हाताला दोन वेढे देऊन धरून उभे होते. "मी धरलंय वरचं. तुम्ही खालचं बघा, शेठ!"

मालकांनी खाली बघितलं. मग वर बघितलंच नाही. काकूंची धार चालू होती, हात हलला नव्हता त्यांचा. पाणी मालकांच्या बोटांतून खाली जात होतं आणि ते मंदाच्या तोंडाकडे बघत होते, एखादं नवीन घर आधी नुसतं बसून बघायचे तसे, घाई न करता. भटजींनी मंत्र पुन्हा धरला. धार संपली, तरी त्यांनी ओंजळ काढली नाही. भटजींना सांगावं लागलं, "झालं, यजमान. दिली मुलगी."

उस्मानभाई तोवर दोरी धरून होते. जेवणं झाली तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले. उस्मानभाईंच्या तळहातावर दोरीचा वळ उठला होता, म्हणून मालकच त्यांच्या पानातली पुरी तोडून देत होते आणि तोंडाने झुंबराला शिव्या घालत होते.

मंदा सासरी गेल्यावर, मांडव परतला त्या दिवशी, दोघांनी मिळून सगळं उतरवलं. मी झालरींचे टाके सोडवत होते, काकू भांडी मोजून ठेवत होत्या. मालकांची बडबड चालली होती. बांबू ओले होते. गाठी बायकी होत्या. उत्तरेकडे झोळ होता. आणि काचा टांगायच्या तर तळ्याकाठी वारा असतो हे पोरालाही कळतं.

"म्हणजे काहीच चांगलं नव्हतं?" काकूंनी विचारलं.

मालक हातातली कनात गुंडाळायची थांबले.

"मुलगी चांगली होती," ते म्हणाले. "मी अगदी जवळून बघितली."